अविस्मरणीय सामना कोणता म्हणावा: रंगलेला की फिरलेला?

तिरका पास (धागाकर्ता):

फुटबॉलमधील अविस्मरणीय सामन्यांचा विषय निघाला की बहुतेकांच्या ओठांवर ठरावीक लढती येतात. 2005 मध्ये इस्तंबूल येथे लिव्हरपूलने 0-3 अशा पिछाडीनंतर मिलानविरुद्ध जिंकलेली चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, 1999 मध्ये मँचेस्टर युनायटेडने बायर्न म्युनिकविरुद्ध भरपाईच्या वेळेत केलेले दोन गोल, 2017 मध्ये पहिल्या लढतीतील चार गोलांची पिछाडी भरून काढत बार्सिलोनाने पॅरिस सें-जर्मेंवर मिळवलेला 6-1 असा विजय. हरत आलेला संघ शेवटी जिंकला, एवढेच या सर्वांत समान आहे. सामना कसा खेळला गेला यापेक्षा तो कसा फिरला यालाच आपण मान देतो आणि त्या भरात प्रत्यक्ष खेळाकडे दुर्लक्ष करतो, असे माझे मत आहे.

इस्तंबूलचेच घ्या. मध्यंतराच्या तोंडावर मिलानचा काका मधल्या फळीत चेंडू घेतानाच वळला आणि त्याने तिथूनच लिव्हरपूलचा बचाव उभा चिरणारा लांब पास दिला. त्याचा सहकारी क्रेस्पोने तो पुढे सरसावलेला गोलरक्षक दुदेक याच्या वरून अलगद उचलून जाळ्यात टाकला. त्या रात्रीची सर्वांत देखणी चाल हीच होती. मिलान पुढे हरले आणि ती चाल विस्मृतीत गेली.

माझी निवड 4 जुलै 2006 रोजी डॉर्टमुंडला झालेला विश्वचषकाचा उपांत्य सामना ही आहे: इटली विरुद्ध यजमान जर्मनी. 118 मिनिटे गोल नाही, पण कंटाळा म्हणून नाही. जादा वेळ सुरू होताच इटलीच्या जिलार्दिनोचा फटका खांबावर आणि पाठोपाठ झांब्रोत्ताचा आडव्या दांडीवर आदळला. दुसऱ्या टोकाला पोडोल्स्कीचा जोरकस फटका इटलीचा गोलरक्षक बुफॉनने परतवला. जर्मनीने आधीच्याच फेरीत अर्जेंटिनाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले होते, त्यामुळे तिथवर जाणे धोक्याचे आहे हे ओळखून इटलीचे प्रशिक्षक लिप्पी यांनी आघाडीचे खेळाडू एकामागून एक मैदानात उतरवले. मग 119 व्या मिनिटाला कॉर्नरनंतर परत आलेला चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी इटलीच्या पिर्लोला मिळाला. फटका मारण्याची संधी असूनही त्याने तो मारला नाही. चेंडू घेऊन तो आडवा सरकला, बचावपटू त्याच्याकडे ओढले गेले, आणि मग त्याने मान न वळवता सहकारी ग्रोसोकडे पास सरकवला. ग्रोसोचा डाव्या पायाचा वळणदार फटका जर्मन गोलरक्षक लेमनच्या आवाक्याबाहेरून आत गेला. सामना फिरवणारी कोणतीही पिछाडी नसतानाही तो शेवटच्या क्षणापर्यंत असा ताणलेला राहू शकतो.

मध्यंतर:

आपली निवड उत्तम आहे, परंतु त्यामागचे कारण पटत नाही. सामना आपोआप फिरत नाही, तो कोणीतरी फिरवतो. इस्तंबूलच्या पूर्वार्धात काका ज्या मोकळ्या पट्ट्यात वावरत होता, तो पट्टा बुजवण्यासाठी लिव्हरपूलचे प्रशिक्षक बेनितेझ यांनी मध्यंतराला उजव्या बगलेचा बचावपटू फिनन याला बाहेर काढून हामानला मधल्या फळीत आणले आणि बचावात तिघांनाच ठेवले. त्यामुळे जेरार्डला पुढे जाण्याची मोकळीक मिळाली आणि 54 व्या मिनिटाला हेडरने पहिला गोल त्यानेच केला. दोन मिनिटांनी श्मित्सरने दुरून दुसरा मारला, आणि 60 व्या मिनिटाला आलोन्सोची पेनल्टी मिलानचा गोलरक्षक दिदाने अडवल्यावर परत आलेला चेंडू आलोन्सोनेच जाळ्यात धाडला. काकाला पास देण्यासाठी जागा मिळाली, हे कौशल्य. मग ती जागा बंद करणे हे कौशल्य का नव्हे?

आणखी एक प्रश्न विचारतो. ग्रोसोचा तो फटका खांबावर आदळून परत आला असता आणि जर्मनीने शूटआउट जिंकले असते, तर आपण याच सामन्यावर धागा काढला असता का? निकालाला मागच्या दाराने आपणही आत घेतलेच आहे.

आडवी दांडी:

चुरस हवीच, हे आपण दोघांनीही गृहीत धरले आहे. मला ते मान्य नाही. 25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला 6-3 असे हरवले, तो सामना तसा एकतर्फीच होता. हंगेरीचा 9 क्रमांकाचा हिदेगकुटी नेहमीच्या सेंटर फॉरवर्डसारखा पुढे उभा न राहता मागे सरकून खेळत राहिला. इंग्लंडचा हॅरी जॉन्स्टन त्याच्या मागे गेला की बचावाच्या मधोमध खिंडार पडे, आणि तो जागेवर थांबला की हिदेगकुटी मोकळा सुटे. जॉन्स्टनला शेवटपर्यंत यावर उत्तर सापडले नाही आणि हिदेगकुटीने तीन गोल केले. फुटबॉल कसा खेळावा याचा विचारच त्या दिवशी बदलला. 2014 मध्ये जर्मनीने ब्राझीलला 7-1 ने हरवले तोही सामना विसरता येत नाही, परंतु त्यातून खेळ समजून घेण्यासारखे फारसे काही हाती लागत नाही. पहिल्या अर्ध्या तासातच पाच गोल झाल्यावर पुढे पाहण्यासारखे उरले काय होते?

जुनी चित्रफीत:

या चर्चेत हरलेल्यांचा विचार कोणीच केलेला नाही. 8 जुलै 1982 रोजी सेव्हिलला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्यात विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. नुकताच बदली म्हणून आलेला बॅटिस्टन एकटाच गोलच्या दिशेने धावत असताना जर्मन गोलरक्षक शुमाखर उडी घेऊन त्याच्या अंगावर आदळला. बॅटिस्टन बेशुद्ध पडला, त्याचे दात पडले, आणि रेफरींनी साधा फाउलही न देता गोल किक दिली. पुढे जादा वेळेत फ्रान्स 3-1 ने आघाडीवर गेला, तरीही जर्मनीच्या रुमेनिगे आणि फिशर यांनी बरोबरी साधली. त्यातला फिशरचा गोल पाठीवर झेपावत मारलेल्या सिझर किकचा. विश्वचषकातील त्या पहिल्यावहिल्या शूटआउटमध्ये फ्रान्सच्या दोन पेनल्टी अडवणारा गोलरक्षक तोच, जो एव्हाना मैदानाबाहेर असायला हवा होता. या सामन्यात उत्तम खेळ होता आणि सामना फिरलाही होता. पण फ्रान्सच्या चाहत्याच्या मनात तो अन्यायामुळे रुतून बसला. धागाकर्त्यांच्या मापात हा अन्याय कुठे बसतो?

तिरका पास:

‘मध्यंतर’ यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच आहे. जर्मनी जिंकली असती तर मी लेमनबद्दल लिहिले असते, कारण तो कॉर्नरदेखील पिर्लोचाच आधीचा फटका त्याने बाहेर ढकलल्यामुळे मिळाला होता. हामानबद्दलचे आपले म्हणणे योग्य आहे, पण याद्या करणारे हामानसाठी तो सामना निवडत नाहीत. ते 0-3 चे 3-3 झाले म्हणून निवडतात.

सेव्हिलबद्दल बोलायचे तर अन्यायाने सामना लक्षात राहतो, पण तो चांगला ठरत नाही. 1970 च्या उपांत्य सामन्यात इटलीने पश्चिम जर्मनीला 4-3 ने हरवले. त्याला शतकाचा सामना म्हणणारा फलक मेक्सिको सिटीतील अझ्टेक स्टेडियमवर लावलेला आहे. परंतु निर्धारित वेळेतला खेळ पाहा: इटलीने लवकर गोल केला आणि तो राखत बसली. शेवटच्या क्षणी जर्मनीच्या श्नेलिंगरने बरोबरी केली नसती तर तो सामना आज कोणाला आठवला असता? जादा वेळेतले पाच गोल थरारक खरेच, पण त्यांतले काही दमलेल्या पायांनी आणि ढिसाळ बचावाने पदरात घातलेले होते.

जुनी चित्रफीत:

दमलेले पाय हाच खेळाचा भाग आहे, महोदय. जर्मनीचे दोन्ही बदली खेळाडू वापरून झालेले असल्यामुळे बेकनबाउर निखळलेला खांदा छातीशी बांधून खेळत होता. जर्मनीच्या म्युलरने बरोबरी साधल्यावर मिनिटभरातच इटलीच्या रिव्हेराने विजयी गोल केला, तोही बचाव ढिसाळ होता म्हणून नव्हे, तर त्याचा सहकारी बोनिनसेन्या डाव्या बगलेने धावत शिरला आणि त्याने चेंडू नेमका मागे दिला म्हणून.

मध्यंतर:

आता धागाकर्त्यांच्या अटीवरच एक सामना पुढे ठेवतो: लुसैलमधील 2022 च्या विश्वचषकाची अंतिम लढत. अर्जेंटिना 2-0 ने पुढे असताना फ्रान्सचा संघ जवळजवळ 80 मिनिटे निष्प्रभ होता. प्रशिक्षक देशाँ यांनी जिरू आणि डेम्बेले यांना मध्यंतराचीही वाट न पाहता बाहेर काढले होते. मग एम्बापेने दोन मिनिटांत दोन गोल केले, म्हणजे सामना फिरला. पण मला त्यातले खरे मोल वाटते ते 3-3 झाल्यानंतर जादा वेळेच्या अखेरच्या क्षणांचे. फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलसमोर होता, अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने डावा पाय ताणून त्याचा फटका अडवला, आणि लगेच दुसऱ्या टोकाला अर्जेंटिनाच्याच लाउतारो मार्टिनेझने मोकळा हेडर बाहेर घालवला. या दोन्ही संधींनी गोलफलक तसूभरही हलला नाही. विश्वचषक कोणीही जिंकला असता, तरी या क्षणांसाठी मी हा सामना डॉर्टमुंडच्या वर ठेवला असता, आणि आपल्या मापाने तो खाली का जातो, हे मला अजून उमगलेले नाही.