मदत हवी आहे : युलिसिस आणि आर्गोस यांचे रोमन दिनारियस अस्सल, मुलाम्याचे की नकली?

नमस्कार. ग्रीक आणि रोमन पुराणकथांची चित्रे असलेली प्राचीन नाणी जमवण्याचा मला छंद आहे. सध्या एका नाण्याच्या खरेदीबाबत निर्णय होत नसल्याने येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे. इ.स.पू. ८२ मध्ये गायस मामिलियस लिमेटानस या टांकसाळ-अधिकाऱ्याने रोममध्ये पाडलेले हे दिनारियस, म्हणजे रोमन चांदीचे नाणे आहे. त्याच्या दर्शनी बाजूस पंखांची टोपी घातलेला मर्क्युरी हा देव आहे. मागील बाजूस भटक्याच्या वेषात, हातात काठी घेऊन आपल्या इथाका बेटावर परतलेला, ट्रॉयच्या युद्धातील ग्रीक वीर युलिसिस आणि २० वर्षांनंतरही धन्याला ओळखणारा त्याचा कुत्रा आर्गोस आहे.

हे चित्र मामिलियसने केवळ ही कथा सांगणाऱ्या ग्रीक कवी होमरच्या प्रेमापोटी निवडले नव्हते. त्याचे घराणे मूळचे रोमजवळच्या टस्क्युलम नगराचे. त्या नगराची स्थापना युलिसिस आणि जादूगारीण सर्सी यांचा मुलगा टेलेगोनस याने केली अशी आख्यायिका असल्याने हे लोक स्वतःला युलिसिसचे वंशज म्हणवून घेत. मर्क्युरी हा युलिसिसच्या आईचा आजोबा, त्यामुळे नाण्याच्या दोन बाजू मिळून एक वंशावळच मांडली गेली आहे. पुढे इ.स.पू. ४७-४६ च्या सुमारास ज्युलियस सीझरनेही आपल्या दिनारियसवर एका बाजूस आपल्या घराण्याची मूळ माता मानलेली व्हीनस देवी आणि दुसऱ्या बाजूस वडिलांना खांद्यावर घेऊन ट्रॉयमधून निघालेला तिचा मुलगा एनियस दाखवून हेच केले. सीझरचे ते नाणे चांगल्या स्थितीत घेणे मला परवडणारे नाही. ट्रॉयपासून रोमपर्यंतच्या कथेतील शेवटचा दुवा तेवढा माझ्याकडे आहे, तो म्हणजे रोमन सम्राट काँस्टंटाइनच्या काळातील, इ.स. ३३० नंतरचे, रोमच्या स्थापनेच्या कथेतील लांडगी आणि जुळ्या भावांचे छोटे काशाचे नाणे. ती नाणी अनेक टांकसाळींत अमाप पाडली गेल्यामुळे आजही स्वस्तात मिळतात.

आता मूळ अडचणीकडे येतो. मी सध्या इंग्लंडमध्ये राहतो आणि येथील एका विक्रेत्याने हे नाणे तपासून पाहण्यासाठी माझ्याकडे दिले आहे. त्याचे वजन ३.४१ ग्रॅम भरते, तर या प्रकारची बहुतेक नाणी ३.८ ते ४ ग्रॅमच्या दरम्यान असतात. मर्क्युरीच्या गालावर तपकिरी रंगाचा एक बारीक ठिपका आहे आणि तेथे वरचा थर किंचित उचलल्यासारखा वाटतो. विक्रेत्याच्या मते जुन्या काळी केलेल्या कडक साफसफाईमुळे वजन घटले असावे. मला मात्र आत तांब्याचा गाभा आणि वर चांदीचा पत्रा असल्याची शंका येते. नाण्याची कड दातेरी, म्हणजे खाचा पाडलेली आहे. ‘दातेरी कड म्हणजे आतून चांदीच’ असे मला एकाने सांगितले, पण मुलाम्याची दातेरी नाणीही प्राचीन काळी बनत असत, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. (रोमन इतिहासकार टॅसिटसने जर्मन टोळ्यांना दातेरी नाण्यांची विशेष आवड असल्याचे नोंदवले आहे. त्यांचाही बहुधा हाच समज असावा.)

मी घरी सापेक्ष घनता काढून पाहिली. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, काटा शून्यावर आणला आणि नाणे दोऱ्याने पाण्यात लोंबते सोडले. काट्यावर ०.३५ ग्रॅम दिसले, म्हणजे घनता सुमारे ९.७ आली. शुद्ध चांदीची घनता १०.५ आणि तांब्याची ८.९६. त्या काळच्या चांगल्या दिनारियसमध्ये चांदी भरपूर असल्याने १०.३ च्या आसपास आकडा अपेक्षित होता. मात्र काटा ०.०१ ने चुकला तरी उत्तर ९.५ ते १० यांच्यामध्ये कुठेही सरकते. शिवाय दात्यांच्या खाचांमध्ये हवेचे बुडबुडे अडकले असतील, तर घनता प्रत्यक्षाहून कमीच दिसणार. अशा लहान, खाचा असलेल्या नाण्यासाठी कोणी ही चाचणी खात्रीलायक पद्धतीने केली आहे का? उकळून गार केलेले पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब पुरतो, की अधिक नाजूक काटाच हवा? सराफाकडील क्ष-किरण यंत्र केवळ पृष्ठभाग वाचते, त्यामुळे मुलामा शाबूत असेल तेथे ते चांदीच दाखवील. म्हणून तो मार्ग मी सोडून दिला आहे.

नाणे मुलाम्याचे पण प्राचीन निघाले, तर कमी किमतीत घेण्यास माझी हरकत नाही. तेही त्या काळाचेच अपत्य आहे. खरी भीती आधुनिक नकलेची आहे. भिंगातून पाहता कडेवर ओतीव कामाची शिवण किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांची छिद्रे दिसत नाहीत, पण ठसे (नाण्यावर चित्र उमटवणारे धातूचे साचे) तयार करून ठोकलेल्या नव्या नकलांमध्ये या खुणा नसतातच. संग्रहालयांच्या छायाचित्रांशी ठसे जुळवताना, ठसा एकच असूनही नाणे संशयास्पद ठरवणारी कोणती लक्षणे पाहावीत? एकाच ओरखड्याची किंवा एकाच बाजूला सरकलेल्या ठशाची पुनरावृत्ती एवढेच मला सुचते. विक्रेत्याने दिलेल्या कागदावर ‘जुना युरोपीय संग्रह’ एवढेच लिहिले आहे. लिलावाचे वर्ष किंवा जुने छायाचित्र नसताना या तीन शब्दांना मी फारसे महत्त्व देत नाही.

शेवटचा प्रश्न कायद्याचा आहे. पुढील वर्षी मी कायमचा पुण्यास परतणार आहे. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे किमान १०० वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात विकत घेतलेले रोमन नाणे सामानासोबत भारतात आणताना सीमाशुल्क विभागाकडे कोणती नोंद करून घ्यावी, आणि तशी नोंद असल्यास पुढे ते पुन्हा बाहेर नेण्याची परवानगी मिळू शकते का? ज्यांनी स्वतः अशी नाणी आणली आहेत, त्यांनी कोणती कागदपत्रे प्रत्यक्ष मागितली गेली ते कृपया सविस्तर लिहावे. विक्रेत्यास महिनाअखेरीस कळवायचे आहे. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे हवी असल्यास मी येथेच देईन.