घरापासून दूर असताना अल्टरनेटर बंद पडला, आता काय करावे?

प्रश्न: माझे १९७५ सालचे सेस्ना १७२ हे छोटे विमान काल अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील नियंत्रण टॉवर नसलेल्या एका धावपट्टीवर उतरले, तेव्हा इंजिन चालू असूनही व्होल्टमीटर १२.१ वरच होता आणि अँमीटरचा काटा उणे बाजूला झुकला होता, म्हणजे वीज बनवणारा अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नव्हता. घर अडीच तासांवर आहे. इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नसल्यामुळे बॅटरी चार्ज करून उद्या दिवसाउजेडी निघावे काय?

उत्तर १: इंजिन चालेल हे खरे, परंतु फ्लॅप (उतरताना खाली करायच्या पंखांच्या पट्ट्या) विजेवर चालतात आणि रेडिओ केव्हा मान टाकेल याचा नेम नाही. मास्टर स्विच बंद करून व चावी काढून घेऊन आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तपासावा, मग अल्टरनेटरमागची फील्डची (आतल्या चुंबकाला वीज देणारी) बारीक तार नीट पाहावी. माझ्या विमानात ती आवरणाच्या आत तुटली होती आणि वरून मात्र धडधाकट दिसत होती.

उत्तर २: सर्किट ब्रेकर उडाला असल्यास तो एकदाच दाबावा, पुन्हा उडाल्यास हट्ट करू नये. अमेरिकी नियमांनुसार अल्टरनेटर बदलणे ही मालकाने स्वतः करायची दुरुस्ती नव्हे, त्यामुळे मेकॅनिकची वाट पाहावी. मोटेलचे एका रात्रीचे भाडे त्यापुढे स्वस्तच.

प्रश्नकर्ता: तारच निघाली! मेकॅनिकने नवे टोक बसवले आणि व्होल्टमीटर १४ वर आला.