सकाळी झटपट, दुपारी ठप्प: ब्राउझरमध्ये मेमरी नेमकं कोण खातंय?

दाखलेवाली
नमस्कार. जिंतूरला माझं ई-सेवा केंद्र आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर यांची झुंबड उडते. संगणक जुना आहे: आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०, ब्राउझर फायरफॉक्स. सकाळी सगळं पटापट होतं. दुपारी दोनच्या सुमारास टाइप केलेलं अक्षर उमटायलासुद्धा वेळ लागतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९४ टक्के, डिस्क १०० टक्के.

टॅब बंद केले तरी आकडा उतरत नाही. अख्खा ब्राउझर बंद करून उघडला की उतरतो, पण मग पोर्टलचं लॉगिन जातं, पुन्हा ओटीपी, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. समोर मुलीच्या प्रवेशासाठी दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई बसलेली असते. तिच्या डोळ्यांसमोर अर्धा अर्ज उडाला की मला फार लागतं.

एका व्हिडिओत सांगितलंय की ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये (फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावर) जाऊन ‘फिशन’ बंद करा आणि एक रॅम क्लीनर टाका. करू का? एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं, तीन आहेत: जाहिराती अडवणारं, मराठी टायपिंगचं, आणि कागदांचे फोटो लहान करून पीडीएफ बनवणारं.

बिनतारी
ताई, दोन्ही करू नका.

फिशन म्हणजे प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस, म्हणजे आपल्या वेगळ्या मेमरीत स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली. एका साइटचा कोड त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या साइटची माहिती वाचू शकेल, अशी भीती तिच्यामुळे निर्माण झाली, म्हणून ब्राउझरांनी ही विभागणी नेटाने केली. तिची किंमत मेमरीत मोजावी लागते हे खरं. क्रोममध्ये त्याच वर्षी ती आली तेव्हा एकूण मेमरी १० ते १३ टक्के वाढते असं गूगलनेच सांगितलं होतं. पण तुमच्याकडे लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं येतात. तेवढ्या मेमरीसाठी ती भिंत पाडू नका.

रॅम क्लीनर चालू प्रोग्रॅमची पानं (मेमरीतले तुकडे, वेबपानं नव्हेत) रॅममधून हाकलतो, म्हणून आकडा खाली दिसतो. पुढच्या क्लिकला तीच पानं परत लागतात आणि त्यातली बरीच डिस्कवरून आणावी लागतात. साध्या हार्ड डिस्कवर तर हाल वाढतील.

कोरडवाहू
तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे ‘टॅब बंद केले तरी आकडा उतरत नाही’. मेमरी भरलेली असणं हा आजार नाही, ब्राउझर मोकळी रॅम वापरणारच. पण टॅब मिटल्यावरही काही सुटत नसेल आणि डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल (रॅम पुरेना की विंडोज डिस्कवर ने-आण करतं), तर कोणीतरी काहीतरी धरून बसलंय.

ते शोधायचं असं. पत्त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत ‘अबाउट:प्रोसेसेस’ टाका. कोणती साइट किती मेमरी घेतेय ते दिसेल. त्यात ‘एक्स्टेन्शन्स’ अशी एक वेगळी ओळ असते, कारण फायरफॉक्समध्ये सगळी एक्स्टेन्शनं एकाच प्रोसेसमध्ये चालतात. सकाळी आणि दुपारी तो आकडा लिहून ठेवा. माझा संशय तिथेच आहे, कारण ती ओळ टॅबांबरोबर मिटत नाही.

आकडा फुगलेला दिसला तर ‘अबाउट:मेमरी’ उघडा. आधी ‘मिनिमाइझ मेमरी यूसेज’ दाबा. त्याने आकडा पडला तर तो नुसता न उचललेला कचरा, म्हणजे काम संपलेली पण अजून मोकळी न केलेली मेमरी होती. नाही पडला तर ‘मेझर’ दाबा आणि एक्स्टेन्शन्सच्या प्रोसेसखाली ‘एक्सप्लिसिट’ नावाचं झाड, म्हणजे फांद्यांसारखी उलगडत जाणारी यादी, पाहा. तिथे एक्स्टेन्शनच्या नावाऐवजी लांबलचक क्रमांक दिसला, तर तो कोणाचा हे ‘अबाउट:डीबगिंग’मध्ये कळतं.

कळकळीची विनंती: तो अहवाल इथे टाकणार असाल तर मोजण्यापूर्वी ‘ॲनोनिमाइझ’वर खूण करा. नाहीतर उघड्या पानांचे पत्ते त्यात तसेच येतात.

(क्रोम वापरणाऱ्यांसाठी: शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. तिथल्या यादीत एक्स्टेन्शनं सुटी सुटी दिसतात, हे शोधकाम पुष्कळ सोपं होतं.)

दाखलेवाली
केलं. एक्स्टेन्शन्सची ओळ सकाळी ११० एमबी, दुपारी १.३ जीबी! मिनिमाइझ दाबून जेमतेम हलली. क्रमांक जुळवला तर पीडीएफवालं निघालं. जाहिराती अडवणाऱ्यावर माझा संशय होता, ते बिचारं जागच्या जागी होतं.

झाडात ‘स्ट्रिंग’ म्हणून खूप ओळी आहेत, सगळ्यांची सुरुवात ‘डेटा:इमेज/जेपेग;बेस६४’ अशी. हे काय असतं?

कोरडवाहू
ते फोटो आहेत, मजकुराच्या रूपात साठवलेले. बेस६४ मध्ये तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा होतो. पीडीएफ तयार झाल्यावर ते सोडून द्यायला हवे होते, या एक्स्टेन्शनने ते सोडलेले नाहीत.

मेमरीपेक्षा मला दुसरीच गोष्ट टोचते. सकाळपासून आलेल्या प्रत्येकाच्या आधारचा, रेशन कार्डाचा फोटो दुपारपर्यंत त्या एक्स्टेन्शनच्या हातात असतो. ॲड-ऑन्सच्या पानावर त्याच्या परवानग्या वाचा. ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा’ अशी परवानगी असेल तर नुसतं बंद करून थांबू नका, काढूनच टाका. असली कामं ब्राउझरच्या बाहेर व्हावीत.

जाहिराती अडवणारं मात्र ठेवा. त्याला स्वतःला थोडी मेमरी लागते, पण जाहिरातींच्या चौकटी लोडच न झाल्याने त्याहून जास्त वाचते.

दाखलेवाली
परवानगी तीच होती, सगळ्या वेबसाइटची. काढून टाकलं. आता स्कॅनरच्या सोबत आलेल्या प्रोग्रॅममधूनच पीडीएफ करते, रिझोल्यूशन कमी ठेवलं की फाइल पोर्टलच्या मर्यादेत बसते. संध्याकाळी मेमरी ७० टक्क्यांच्या आसपास होती आणि एकही अर्ज मध्येच उडाला नाही. शेजारच्या गावात माझी मैत्रीण केंद्र चालवते, तिच्याकडेही तेच एक्स्टेन्शन आहे, तिला लगेच फोन केला.

रॅम वाढवावी का?

बिनतारी
जमलं तर नक्की, ४ जीबीत आजची पोर्टलं ओढूनताणूनच चालतात. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’ उघडा. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे दोनपैकी एक असेल तर जुनी पट्टी तशीच ठेवून दुसरी बसवता येईल. दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाच वेगळी असते.