.४५ कोल्ट सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर : चेंबरचे तोंड नळीपेक्षा अरुंद असल्यास काय करावे?

प्रश्न – टेक्सासवासी

नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि एकोणिसाव्या शतकातील धाटणीची रिव्हॉल्व्हरे रेंजवर चालवण्याचा मला छंद आहे. ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो, की सिंगल-ॲक्शनमध्ये प्रत्येक फैरीआधी घोडा अंगठ्याने मागे ओढून उभा करावा लागतो, त्याच हालचालीत सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरे असलेला फिरता गोल, एक घर पुढे सरकते, आणि चाप फक्त घोडा सोडण्याचे काम करतो. माझ्याकडे कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या १८७३ च्या नमुन्याच्या धर्तीवर अलीकडच्या काळात बनवलेले, .४५ कोल्ट काडतुसाचे एक रिव्हॉल्व्हर आहे.

अडचण अशी, की ०.४५२ इंच व्यासाच्या ओतीव शिशाच्या गोळ्या वापरल्या की थोड्याच फैरींत नळीच्या मागच्या टोकाशी शिशाचा चकचकीत थर बसतो आणि २५ यार्डांवरच्या कागदावर छिद्रे विखुरतात. नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या ज्या खाचा (रायफलिंग) असतात, त्यांचा व्यास मी मोजला, तो ०.४५१५ इंच आहे. चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरमधील घरांच्या, पुढच्या तोंडांत मात्र ०.४४९ ची मोजमापाची पिन सहज जाते, ०.४५० ची पिन सहापैकी दोनच घरांत जाते, आणि तीच ०.४५२ ची गोळी पुढून बोटाने दाबली तर एकाही घरात शिरत नाही. जुन्या कोल्टविषयी वाचले त्यात परिस्थिती नेमकी उलटी होती. तोंडे ऐसपैस आणि नळी त्यांच्यापेक्षा अरुंद. मी शिसे अधिक कडक करावे, गोळी लहान करावी, की नळी बदलावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ – मापनशाळा (पुणे)

आपण मापे घेऊन मग प्रश्न विचारला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझा पेशा टूलरूममधील मापनाचा आहे आणि जुन्या यंत्रांच्या मापांचा अभ्यास ही माझी आवड आहे, त्या आधारावर लिहितो.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सरळ नळीत जन्म घेत नाही. काडतुसाच्या पितळी खोळीतून सुटल्यावर ती आधी चेंबरच्या पुढच्या अरुंद भागातून, म्हणजे ज्याला थ्रोट म्हणतात त्यातून जाते, मग सिलिंडर आणि नळी यांच्यामधील काही हजारांश इंचांची फट ओलांडते, नंतर नळीच्या तोंडाशी असलेल्या उतरत्या शंकूत शिरते आणि तेथून पुढे तिला रायफलिंगच्या खाचा पकडतात. याचा अर्थ, आपण मुशीतून कितीही मापाची गोळी काढली तरी नळीपर्यंत पोहोचणाऱ्या गोळीचे माप थ्रोट ठरवतो. आपल्या बाबतीत ०.४५२ ची गोळी थ्रोटमधून जाताना पिळवटून ०.४४९ ते ०.४५० होते आणि तिच्यापुढे ०.४५१५ ची नळी येते. खाचांमधले उंचवटे तिला पकडतात, त्यामुळे ती फिरते खरी. पण खाचांच्या तळाशी जी फट उरते, तिच्यातून तप्त वायू गोळीच्या कडेने पुढे घुसतो, शिसे वितळवतो आणि खरवडतो, आणि तेच शिसे पुढे पोलादावर चिकटते. एक हजारांश इंच म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन, केसाच्या जाडीहून कमी. एवढीशी उणीवही पुरते.

म्हणून नियम असा, की थ्रोट नळीच्या खाचांइतका किंवा त्याहून एखादा हजारांश मोठा असावा आणि गोळी थ्रोटइतकी असावी. तोंड मोठे व नळी लहान हा क्रम चालतो. तोंड लहान व नळी मोठी हा क्रम कधीच चालत नाही. शिसे अधिक कडक करण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. मऊ गोळी निदान वायूच्या दाबाने बुडाशी फुगून ती फट काही अंशी भरून काढते, कडक गोळीला तेही जमत नाही, आणि थर वाढतो. गोळी लहान केली तर दुखणे दुप्पट होईल. नळी बदलण्याचे कारणच नाही. तिचे माप उत्तम आहे.

प्रतिसाद २ – काळीदारू

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. आपण जुन्या कोल्टचा उल्लेख केला आहे, त्यामागचा इतिहास थोडा सविस्तर मांडतो, कारण तो समजला की आजची ही विसंगती कशी आली तेही कळते.

कोल्टच्या टोपीच्या (घोडा आदळून ठिणगी देणाऱ्या पर्कशन कॅपच्या) काळातील, म्हणजे १८५१ च्या नेव्ही आणि १८६० च्या आर्मी नमुन्यांत चेंबरमध्ये गोल शिशाचा गोळा पुढूनच ठासला जाई. गोळा चेंबरहून किंचित मोठा असल्यामुळे ठासताना त्याच्या कडेचे शिशाचे बारीक कडे तासले जाऊन बाहेर पडे. ते कडे अखंड निघाले की चेंबर पूर्ण बंद झाले असे समजत. नेव्हीला छत्तीस म्हणत, पण तिच्यात ०.३७५ च्या आसपासचा गोळा लागे. आर्मी चव्वेचाळीसची, तिच्यात ०.४५४ चा. तेव्हा नावातला आकडा हे गोळीचे माप नव्हेच. आपल्या रिव्हॉल्व्हरचे दुखणे या बंदुकांच्या आजच्या इटालियन प्रतिकृतींच्या काही नमुन्यांतही दिसते, जिथे चेंबर नळीच्या खाचांपेक्षा अरुंद असते आणि गोळा ठासतानाच लहान होऊन बसतो.

पुढे सिलिंडर आरपार भोकाचे करून धातूचे काडतूस वापरण्याचे पेटंट रोलिन व्हाइटचे होते आणि ते स्मिथ अँड वेसन या प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती असल्यामुळे १८६९ मध्ये त्याची मुदत संपेपर्यंत कोल्टला थांबावे लागले. त्यानंतर जुन्या बंदुकांची रूपांतरे झाली, आणि त्यांत खोळीच्या बाहेर तेवढ्याच व्यासाचे पोट व आत बारीक टाच असलेली गोळी वापरली गेली. कारण चेंबर सरळ आरपार एकाच व्यासाचे होते, पुढे अरुंद थ्रोट नव्हताच. खोळीच्या आत मावणारी, आतूनच वंगण असलेली गोळी आली तेव्हा चेंबरला पायरी पडली आणि थ्रोट हा स्वतंत्र भाग झाला. .३८ लाँग कोल्ट या काडतुसात हे स्थित्यंतर फार ठळक दिसते. जुन्या रुंद नळ्यांत आतल्या वंगणाची लहान गोळी चालवायची, म्हणून तिचे बूड पोकळ ठेवले, जेणेकरून दाबाने ते पसरून नळी भरेल.

१८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मीत .४५ कोल्टची गोळी सुमारे ०.४५४ ची होती, नळीही खाचांत ०.४५४ च्या जवळपासची, आणि थ्रोट ०.४५६ किंवा त्याहूनही मोकळे. मऊ शिसे आणि बंदुकीच्या काळ्या दारूचा (ब्लॅक पावडरचा) जोरकस धक्का गोळीला फुगवून ती मोकळीक भरून काढी. वर काळ्या दारूची काजळी बसली तरी काडतूस अडकू नये म्हणून खोळीभोवतीचे चेंबरही सैल ठेवत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उत्पादन थांबले आणि १९५६ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हा नळी .४५ ऑटोमॅटिक या पिस्तुलाच्या काडतुसाशी जुळणाऱ्या ०.४५१ च्या मापावर आणली गेली; थ्रोट मात्र अनेक नमुन्यांत जुन्या मापाचेच राहिले. त्या पिढीच्या कोल्टमध्ये म्हणूनच काही नेमबाज आजही ०.४५४ ची मऊ गोळी वापरतात, आणि ती योग्यच आहे. .४४-४० या दुसऱ्या जुन्या काडतुसाच्या बंदुकांत तर नळ्यांची मापे ०.४२६ पासून ०.४२९ पर्यंत भटकतात, त्यामुळे तिथे मापन केल्याशिवाय मूस विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे.

टेक्सासवासी

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातील क्रमाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आता दोन शंका उरतात. एक, माझी मापे विश्वासार्ह आहेत का? मी डायल कॅलिपर वापरला. दुसरी, थ्रोट मोठे करून घेतल्यास बाकी काही बिघडेल का?

प्रतिसाद ३ – मापनशाळा (पुणे)

कॅलिपरवर अर्ध्या हजारांशाचा भरवसा ठेवू नये, तो निर्णय मायक्रोमीटरनेच करावा. सिलिंडर रिकामे असल्याची दोनदा खात्री करून ते बाहेर काढावे, नळीला तेल लावावे आणि शुद्ध मऊ शिशाचा किंचित मोठा तुकडा लाकडी किंवा पितळी दांड्याने पुढून मागे हळूहळू ढकलावा. कडक मिश्रधातू वापरला तर तो बाहेर आल्यावर किंचित फुलतो आणि माप फसवते. कोल्ट पद्धतीच्या नळीत सहा खाचा असतात, म्हणजे खाचेसमोर खाच येते आणि साधा मायक्रोमीटर पुरतो. स्मिथ अँड वेसनच्या पाच खाचांच्या नळीत मात्र खाचेसमोर उंचवटा येतो, तिथे व्ही-आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो. अनेक चुकीची मापे येथूनच जन्मतात.

तुकडा ढकलताना हाताला काय जाणवते तेही नीट टिपावे. ज्या जागी नळी फ्रेममध्ये आट्यांनी घट्ट बसवलेली असते, तिथे ती आतून दबून अरुंद झालेली असू शकते. तुकडा तिथे अडखळला तर थ्रोट दुरुस्त करूनही गोळी त्या अरुंद भागात पुन्हा पिळली जाईल आणि पुढे मोकळ्या नळीत ढिली होईल, त्यामुळे ती जागा स्वतंत्रपणे पाहावी लागेल. प्रत्येक थ्रोटसाठी वेगळा तुकडा घ्यावा आणि त्यावर घराचा क्रमांक कोरावा. आपल्या दोन घरांत ०.४५० ची पिन जाते आणि चारांत नाही, यावरून सहा घरे एकसारखी नाहीत हे दिसतेच. रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला रुंदावणारे हत्यार, झिजत गेला की भोक लहान होत जाते, हे टूलरूममध्ये आम्ही रोज पाहतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे, की योग्य कारागिराने मार्गदर्शक पायलट असलेल्या रीमरने सहाही थ्रोट ०.४५२५ पर्यंत नेले तर दुसरे काही बिघडत नाही, कारण खोळ बसते तो भाग वेगळा आहे आणि त्याला हात लागत नाही. मात्र हातातल्या ड्रिलवर गुंडाळलेल्या सँडपेपरने हे काम करू नये. भोक लांबट गोल झाले तर काढलेला धातू परत लावता येत नाही. काम झाल्यावर ०.४५२ ची गोळी पुढून बोटाच्या हलक्या दाबाने जाईल पण आपसूक गळणार नाही, अशी अवस्था असावी.

प्रतिसाद ४ – काळीदारू

एक पुस्ती जोडतो. थ्रोट करून घेतल्यावरही शिसे बसलेच, तर ते कुठे बसते ते पाहावे. शंकूतच बसत असेल तर घर नळीच्या नेमके समोर थांबत नाही आणि गोळी एका कडेने घासते असे समजावे. तेव्हा घोडा पूर्ण मागे ओढून सिलिंडर बोटांनी हलवून पाहावे. पुढच्या टोकाशी बसत असेल तर वंगण संपत आहे.

भारतातील वाचकांसाठी एवढेच, की १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दुरुस्तीचे किंवा बदलाचे असे काम परवानाधारक व्यावसायिकाकडूनच करवून घ्यावे लागते. टेक्सासवासी, आपण सहा तुकड्यांची मापे येथे टाकली तर घरागणिक फरक किती आहे ते पाहून रीमिंग सर्व घरांना लागेल की काहींनाच, हे सांगता येईल.