फोटो एडिटिंगसाठी पेन टॅबलेट: २४ इंची मॉनिटरला लहान घ्यावा की मध्यम?

रानजाई
घरातले जुने कृष्णधवल फोटो स्कॅन करून दुरुस्त करते आहे. घडीच्या रेघा, बुरशीचे ठिपके, चेहऱ्यावरचे ओरखडे असं सगळं आहे. माउसने तासभर काम केलं की मनगट भरून येतं आणि ब्रशचा फटकारा कुठेही सारख्याच जाडीचा पडतो. विंडोज, २४ इंची फुल एचडी मॉनिटर, गिम्प आणि डार्कटेबल (दोन्ही फोटो एडिटिंगचे प्रोग्रॅम). बजेट सात हजारांपर्यंत. लहान टॅबलेट पुरेल का? २०४८ आणि ८१९२ दाबपातळ्यांत (पेनचा दाब जितक्या पायऱ्यांत मोजला जातो त्या) खरंच फरक जाणवतो का? की थांबून, पैसे साठवून स्क्रीनवालाच, म्हणजे ज्याच्या पडद्यावरच पेन चालवतात तो, घ्यावा?

धूसर
मध्यम घ्या. पेन टॅबलेटचा पृष्ठभाग म्हणजे तुमचा अख्खा मॉनिटर, त्यामुळे दोघांच्या रुंदीचं गुणोत्तर काढलं की उत्तर मिळतं. २४ इंची मॉनिटर साधारण ५३१ मिमी रुंद असतो. वन बाय वॅकॉमच्या लहान मॉडेलचा (सीटीएल-४७२) कामाचा भाग १५२ × ९५ मिमी, मध्यमचा (सीटीएल-६७२) २१६ × १३५ मिमी. लहानवर पेन १ मिमी सरकलं की कर्सर साडेतीन मिमी, म्हणजे सुमारे १३ पिक्सेल पळतो. मध्यमवर अडीच मिमी, साधारण ९ पिक्सेल. पापणीच्या कडेने जाणारा ओरखडा भरताना हा फरक लगेच कळतो. लहानवर झूम वाढवून काम भागतं, पण मग सारखं आत-बाहेर करत बसावं लागतं. १५ इंची लॅपटॉपवरच काम असतं तर लहान सुचवला असता.

याहून मोठा हवा तर एक्सपी-पेन डेको ०१ व्ही२ आहे, कामाचा भाग २५४ × १५९ मिमी. मात्र बाहेरून तो ३५ सेंमी रुंद भरतो. आधी टेबलावर तेवढी जागा मोजा, कारण कीबोर्ड शेजारीच लागणार आहे.

टॅबलेट आणला की पहिलं काम मॅपिंगचं, म्हणजे टॅबलेटचा कुठला भाग पडद्याच्या कुठल्या भागाशी जुळवायचा ते ठरवण्याचं. टॅबलेट १६:१०, मॉनिटर १६:९. तसंच ठेवलं तर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर किंचित चपटं येतं. वॅकॉमच्या ड्रायव्हरमध्ये ‘फोर्स प्रपोर्शन्स’वर खूण करा. मध्यमवर उंचीतले १३-१४ मिमी वाया जातात, जाऊ द्या. लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही चालू असतील तर टॅबलेट फक्त मॉनिटरला जोडा, नाहीतर रुंदी दोन पडद्यांत वाटली जाते आणि वर केलेला सगळा हिशोब मोडतो.

कृष्णधवल
दाबपातळ्यांच्या आकड्यावर एक रुपयाही जास्त घालू नका. ८ बिटच्या मास्कमध्ये (बदल फोटोच्या कुठल्या भागाला किती लागू व्हावा ते ठरवणारा करडा थर) काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्याच २५६. २०४८ पातळ्या त्याच्या आठपट झाल्या. महत्त्वाचं आहे ते पेन किती हलक्या स्पर्शाला रेघ उमटवतं, आणि ते खोक्यावर छापलेलं नसतं. शक्य असेल तर दुकानात पेन नुसतं टेकवून, जोर न लावता ओढून बघा. रेघ तुटक आली किंवा एकदम जाड सुरू झाली तर ते पेन त्वचेवरच्या हलक्या कामाला त्रास देणार.

स्क्रीनवाला या कामाला नकोच. हाताखाली फोटोचा निम्मा भाग झाकला जातो, आणि स्वस्त मॉडेलांचा पडदा रंगांना तुमच्या मॉनिटरइतका भरवशाचा नसतो. चित्र काढणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

आता दुरुस्तीचं. दाब कशाला जोडायचा हे कामागणिक बदलतं. बहुतेक जण इथेच अडकतात आणि टॅबलेट कपाटात जातो.

घडीची रेघ किंवा ओरखडा: मूळ लेयरची (थराची) प्रत काढा आणि तिच्यावर हील टूल वापरा, ते शेजारच्या चांगल्या भागाचा नमुना घेऊन डाग भरतं. ओपॅसिटी (अपारदर्शकपणा) १००, डायनॅमिक्समध्ये, म्हणजे दाबाने ब्रशचं काय बदलावं ते ठरवतात तिथे, ‘प्रेशर साइझ’. रेघ जिथे रुंद तिथे दाबा, बारीक तिथे सैल सोडा. पूर्ण दाबाला ब्रश रेघेच्या दीडपट रुंद पडेल एवढाच आकार ठेवा. लांब फटकारा मारू नका, तुकड्या-तुकड्याने जा आणि दर वेळी नमुना नव्याने घ्या. साडीचा काठ, जबड्याची कड, चष्म्याची फ्रेम अशा गडद कडेजवळ हील बंद आणि क्लोन (नमुना जसाच्या तसा उमटवणारं टूल) चालू. हील आजूबाजूचा टोन मिसळतो, त्यामुळे कडेलगत करडा डाग उतरतो. पुसून पुन्हा हीलच केलं तर तो पसरत जातो.

चेहऱ्यावरची डागाळलेली छटा: नवा लेयर, ५० टक्के करडा रंग भरून लेयरचा मोड ‘सॉफ्ट लाइट’ (खालचा फोटो उजळ-गडद करणारी मिसळण्याची पद्धत). मऊ ब्रश, ओपॅसिटी १० टक्के, डायनॅमिक्स ‘प्रेशर ओपॅसिटी’, आकार कायम. उजळायला पांढरा, गडद करायला काळा. इथे दाब आकाराला जोडलात तर गालावर ठिपक्यांची रांग दिसते.

डार्कटेबलमध्ये ब्रश मास्कसाठी दाब सुरुवातीला बंदच असतो. प्रेफरन्सेसमध्ये डार्करूमच्या पानावर तो ओपॅसिटी, हार्डनेस किंवा आकार यांपैकी एकाला जोडता येतो. ओपॅसिटी-रिलेटिव्ह ठेवा.

टोकदार
गिम्पमध्ये दाब लागत नाही ही हमखास येणारी तक्रार, म्हणून आधीच सांगतो. दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर संगणकात असेल तर तो काढून, संगणक बंद-चालू करून मगच नवा टाका. दोन ड्रायव्हर एकत्र असले की कर्सर हलतो पण दाब गायब होतो. गिम्प २.१० असेल तर टॅबलेट जोडल्यावरच प्रोग्रॅम उघडा, नंतर जोडलेला तो ओळखत नाही. मग एडिट, इनपुट डिव्हायसेस, तिथे पेन निवडून मोड ‘डिसेबल्ड’चा ‘स्क्रीन’ करा आणि सेव्ह करा. गिम्प ३ मध्ये प्रेफरन्सेसमध्ये विंडोज इंक की विनटॅब (पेनचा दाब प्रोग्रॅमपर्यंत पोचवण्याच्या दोन पद्धती) हे निवडता येतं. एकाने जमलं नाही तर दुसरं लावून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा.

पेन टेकवून ठेवलं की गोल वर्तुळ उमटतं आणि फटकारा उशिरा सुरू होतो, तो विंडोजचा उजव्या क्लिकचा प्रकार. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पेन अँड टच’, ‘प्रेस अँड होल्ड’, आणि तिथली खूण काढा.

वन बाय वॅकॉमला शॉर्टकटची बटणं नाहीत, पेनवरची दोनच. एक कंट्रोलला लावा, कारण गिम्पमध्ये क्लोन आणि हीलचा नमुना त्यानेच घेतात. दुसरं मधल्या माउस बटणाला, म्हणजे पेननेच फोटो सरकवता येईल.

जुना टॅबलेट स्वस्तात मिळत असेल तर दोन गोष्टी तपासा. हुइऑनचा मूळ एच६१० प्रो चार्जिंगच्या पेनचा आहे, व्ही२ बिनबॅटरीचा. आणि जुन्या वॅकॉम बांबूंना आताचे ड्रायव्हर चालत नाहीत.

रानजाई
मध्यमच बघते. टेबल ९० सेंमीचं आहे. कीबोर्डच्या पलीकडे, मॉनिटरजवळ टॅबलेट ठेवला तर चालेल?

धूसर
कीबोर्डच्या पलीकडे नको, खांदा ताणला जातो. टॅबलेट मॉनिटरच्या बरोबर समोर, किंचित उजवीकडे चालेल, पण तिरका नको. तो १० अंश फिरला की सरळ मारलेला फटकाराही तेवढाच कलतो, आणि उभ्या घडीची रेघ भरताना ब्रश बाजूला सरकत राहतो. कीबोर्ड डावीकडे, डाव्या हाताची बोटं कंट्रोल-झेड आणि ब्रशचा आकार बदलणाऱ्या चौकटी कंसांवर. हे कंस कीबोर्डच्या उजव्या टोकाला असतात, म्हणून गिम्पच्या शॉर्टकट संपादकात ते डाव्या बाजूच्या मोकळ्या अक्षरांवर आणा.

निब (पेनचं टोक) एका बाजूने घासून छिन्नीसारखी धार आली की लगेच बदला. ती धार पृष्ठभागावर कायमचे चरे पाडते आणि पुढे प्रत्येक नवी निब त्या चऱ्यांत अडकते.