गुळाने स्टाउट गोड होत नाही
गूळ घातलेली इम्पीरियल स्टाउट, म्हणजे जास्त अल्कोहोलची काळी बिअर, गोड लागली नाही म्हणून तुम्ही परीक्षणात तिला कमी गुण दिलेत, ते मला पटलं नाही. गुळातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. त्यातून अल्कोहोल वाढतं, बिअरचं अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, उलट हलकं होतं आणि मागे उरतो तो काकवीसारखा वास. तो सापडला का, हे बघायचं. गोडवाच हवा असेल तर ब्रूअर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घालतात, कारण बिअरचं यीस्ट लॅक्टोज पचवत नाही. मिल्क स्टाउट तशीच बनते.

स्टाउटमध्ये मिरची घातली असेल तर तिचं वेगळं. तिचा तिखटपणा अल्कोहोलमध्ये चांगला उतरतो, त्यामुळे दहा टक्के अल्कोहोलच्या बिअरमध्ये तो पहिल्या घोटाला नाही, गिळल्यावर घशात कळतो. घाईत मत देऊ नका.

आणि फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नका हो! थंडगार असताना फक्त भाजक्या बार्लीचा कडूपणा लागतो. दहा-बारा अंशांवर आली की कोको, कॉफी, मनुका एकेक उलगडतात. नाशकात डिसेंबरच्या रात्री गच्चीवर बसलात तर वेगळं काही करावंच लागत नाही. ग्लास वाइनचाच घ्या. अर्धाच भरा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. फेस तपकिरी आहे की पांढुरका, तेही लिहा.

सोबत तिखट चिवडा मात्र नको. त्याने अल्कोहोल जास्तच जळजळतं. खारे काजू उत्तम.