सोसायटी ग्रुप : रताळं की कोनफळ?

सी-४०२ : काकू, उद्याच्या महाशिवरात्रीसाठी ऑनलाइन रताळी मागवली होती. पाकिटावर ‘जांभळं रताळं’ लिहिलंय. सोलायला घेतलं तर हात बुळबुळीत झाले आणि आता खाज सुटलीय. आत गडद जांभळं आहे. कीस करायचा होता. खराब निघालं का? फोटो टाकतेय.

बी-१०४ : आमच्याकडेही तसंच आलंय. मी कचऱ्यात टाकलं.

ए-३०१ : अगं, टाकू नका! फोटो बघितला. हे रताळं नाहीच, कोनफळ आहे. उंधियोत घालतात ते. छान ताजं आहे. आधी चिंचेच्या पाण्याने हात धू, मग खोबरेल तेल चोळ. पुढच्या वेळी तेलाचा हात लावूनच सोलायचं. आणि कच्चं चाखू नकोस, घसा खवखवेल.

ओळखायचं असेल तर कापून बघायचं. रताळं कापलं की कडेने दुधासारखा पांढरा चीक येतो. बोटाला चिकटतो आणि थोड्या वेळाने काळा पडतो. कोनफळ भेंडीसारखं बुळबुळतं. बटाट्याला यातलं काहीच नाही, नुसतं पाणी सुटतं आणि विळीवर पांढरं पीठ राहतं.

ए-५०४ : ताई, पण ही सगळी एकाच जातीची ना? उपवासाचे कंद म्हणून एकत्रच विकतात.

ए-३०१ : नाही हो दादा. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, दर वर्षी मुलं हेच विचारायची. बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातला. ते जमिनीखालचं खोड आहे, म्हणून त्याला डोळे असतात आणि उजेडात ठेवला तर हिरवा पडतो. रताळं म्हणजे फुगलेलं मूळ, त्याला डोळे नाहीत. ते गणेशवेलीच्या कुळातलं. नाल्याकाठी बेशरमीची फिकट जांभळी फुलं येतात ना, तशीच कर्ण्यासारखी फुलं रताळ्याच्या वेलाला येतात. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. बटाट्याच्या पाल्याची मात्र चुकूनही करायची नाही, तो विषारी असतो. कोनफळ, करांदे, काटेकणगी हे तिसरंच घराणं. सुरण अळूचा भाऊबंद, म्हणून खाजतो. आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तो एरंडाच्या कुळातला.

ए-५०४ : मुलगी न्यूजर्सीला असते. तिकडे केशरी रताळ्यावर ‘याम’ लिहितात म्हणाली. म्हणजे कोनफळच की.

ए-३०१ : याम म्हणजे खरं तर कोनफळाचं घराणं, पण तिला मिळतं ते रताळंच. लुइझियानाच्या शेतकऱ्यांनी १९३०च्या दशकात आपलं मऊ, केशरी रताळं वेगळं ओळखू यावं म्हणून ते याम नावाने विकलं, आणि तेच नाव चिकटलं. नावांचा घोळ आपल्याकडेही आहेच. ‘बटाटा’ हा मुळात कॅरिबियन बेटांवरचा, रताळ्यासाठीचा शब्द. पोर्तुगीजांबरोबर इथे आला आणि दुसऱ्याच कंदाला मिळाला. मला ही गोष्ट फार आवडते.

सी-४०२ : मग जांभळं रताळं नसतंच का?

ए-३०१ : असतं ना. तिरुवनंतपुरमला कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे ‘भू कृष्णा’ हे जांभळं आणि ‘भू सोना’ हे केशरी वाण तयार झालंय. डोळ्यांसाठी चांगलं म्हणतात ते केशरी रताळं. त्यात अ जीवनसत्त्वाचा भरपूर साठा असतो, आपल्या पांढऱ्या रताळ्यात तो नसल्यातच जमा. आफ्रिकेत केशरी रताळी घरोघरी पोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या बाजारातही ती नेहमी मिळायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

बी-१०४ : काकू, बाबांना शुगर आहे. बटाट्याऐवजी रताळं दिलं तर चालेल ना?

ए-३०१ : थोडंच दे आणि उकडून दे. पिष्ट दोन्हीत जवळपास सारखंच, रताळ्यात तंतू थोडे जास्त. भाजलेल्याने साखर लवकर चढते. रताळं हळूहळू तापतं तेव्हा साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान त्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, पिठाची साखर करत राहतं. चुलीच्या निखाऱ्यात भाजलेलं म्हणून तर इतकं गोड लागतं, सालीतून पाक झिरपतो. कुकरमध्ये तेवढा वेळच मिळत नाही. बाबांना किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरव.

बी-१०४ : बरं काकू. आणि उरलेली फ्रिजमध्ये ठेवते.

ए-३०१ : कच्ची फ्रिजमध्ये नको. गारठ्याने आतून कडक होतात, मग शिजवली तरी मधला गाभा दडदडीत राहतो. टोपलीत उघडी ठेव.

सी-४०२, तू कोनफळ घेऊन संध्याकाळी वर ये. जाडसर काप करून शिंगाड्याच्या पिठात घोळवू आणि तुपावर परतू, वर सैंधव नि मिरपूड. आमच्याकडे उपवासाला चालतं, तुझ्या सासूबाईंना मात्र विचारून घे. कीसाला माझ्याकडची बेळगावची रताळी देते. त्यातल्या एकाचं टोक काळं पडलंय, भोकंही दिसतायत. ते घेऊ नकोस. किडकं रताळं कडू होतं, आणि ती कडवट चव शिजवूनही जात नाही.

सी-४०२ : सासूबाई चालेल म्हणाल्या. सहाला येते काकू, किसणी घेऊन.